आईंचं हां जी

माझं माहेर चिंचवडचं, वडील कंपनीत फिटर. मी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळ डँडेनॉन्गला कुकरीच्या कोर्सला आले आणि इथलीच झाले, काय सांगू तुम्हाला, मग नितीनशी लग्न झालं, त्याला मेलबर्नपासून लांब ह्या गव्हाच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम मिळालं आणि मी एज्ड केअरच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, किचनमध्ये लागले. अख्ख्या गावात मराठी बोलणारं घर एकच, आमचं, आणि तेही अर्धंच, कारण मी आमच्या ओवीला जेवायला ये म्हणावं तर ती म्हणणार कमिंग, मम.

सासूबाई ओवीच्या वाढदिवसाला म्हणून आल्या आणि करोनामुळे बॉर्डर बंद झाली, त्या इथेच अडकल्या. त्यांना मी आईच म्हणते. बडबड्या हो, पण घरात. बाहेर पडलं की तोंडाला कुलूप. शेजारची मार्गारेट विचारायची हाऊ आर यू, आई नुसत्या हसायच्या, उत्तर आपलं मी द्यायचं नाहीतर नितीनने.

मग लशीचा नंबर लागला आणि मी म्हटलं केंद्रात आईंबरोबर मीही आत जाणार, कारण पूर्वी एका इंजेक्शनने आईंच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वास अडकला होता. आत पेशंटशिवाय कुणाला सोडत नव्हते. फोनवर दुभाष्या देतो म्हणाले, भाषा कुठली, तर आमचा नितीन म्हणतो हिंदी चालेल, आई सीरियल बघते ना. अरे, बघणं वेगळं!

आत गेल्या, आणि थोड्या वेळात नर्सच पार्किंगमध्ये धावत आली. फोनवरचे गृहस्थ भराभर शुद्ध हिंदीत विचारतायत आणि आईंचं सगळ्याला एकच, हां जी. ताप आहे का, हां जी. करोना झालाय का, हां जी, बिचारी नर्स मागेच सरकली. इंजेक्शनचा कधी त्रास झालाय का, हां जी. आता ह्यातलं खरं कुठलं, ती मला विचारतेय. मी म्हटलं तेवढं शेवटचं खरं, बाकी काही नाही, आणि प्लीज, मराठी दुभाषी द्या.

मिळाली एक बाई. आईंनी आधी तिचं माहेर काढून घेतलं, मग सुरू झाल्या, इंजेक्शन कशाचं, दवाखाना कुठला, सगळं. डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं, त्या औषधाचा ह्या लशीशी संबंध नाही म्हणाले, लस दिली आणि जरा जास्त वेळ बसवून ठेवलं. काही झालं नाही हो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आई, सगळ्याला हां जी कशाला म्हणत होतात? तर म्हणतात, परका माणूस एवढं विचारतोय, नाही कसं म्हणायचं? आणि मग हळूच म्हणाल्या, अगं, इथे आल्यापासून आज पहिल्यांदा कुणीतरी माझं मला विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

बॉर्डर अजून बंदच आहे, उघडेल तेव्हा उघडेल, आई आहेत तर घर भरल्यासारखं वाटतं, देव त्यांना असंच ठणठणीत ठेवो. परवा दुसऱ्या डोसला गेलो. दारातच नर्सने विचारलं हाऊ आर यू, मी सवयीने तोंड उघडलं, तर आईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, गुड. व्हेअर इज माय मराठी लेडी?

मग काय, मी आपली गाडीत जाऊन निवांत बसले.