लाल खुणेला पाणी लागलं

हॅलो?… हॅलो, दादा?… अरे होतास कुठे! सकाळपासून फोन करून बोट दुखलं माझं… नाही, नाही, अप्पा बरे आहेत. म्हणजे… बरे कसले, बसलेत. तळ्याच्या दाराशी बसलेत, चाकाला मिठी मारून… अरे चाक म्हणजे, जादा पाणी सोडायचं दार असतं ना, त्याचं चाक!

ऐक ना… तू आधी ऐक. आज पाणी लाल खुणेला लागलं… हो, तीच. पंपघरामागच्या खांबावरची, अप्पांनीच रंगवलेली. पाणी इथवर आलं की खाली खाणीतली माणसं वर काढायची, ती… आम्हाला पाणी तिथवर हवंच होतं रे! खाण बुडाली, वरची जमीन खचली, त्या खड्ड्याचं पाणथळ करायचं म्हणून किती चिखल तुडवलाय आम्ही! खांब आयता उभा होता, मापाला तोच ठेवला. आज खूण गाठली म्हणून मी इकडे सगळ्यांना चहा सांगतेय, आणि अप्पा फिरत फिरत आले, खूण बघितली, नि दार उघडलं. सताड!

… हसू नकोस. हो, माहितीये, बापाने जन्मभर पंपावर बसून खाणीतलं पाणी उपसलं आणि लेक भरतेय. सगळे तेच म्हणतात. पण पाणी चाललंय ना! लव्हाळ्यात पाणकोंबड्यांची घरटी आहेत, अंडी आहेत. चिखल उघडा पडला की कुत्री सरळ चालत जातील आत… ओढून काढू? अप्पांना? तू ये आणि काढ.

… डोकं नाही फिरलेलं. विसरतात हल्ली. परवा मला आईच्या नावाने हाक मारली… सांगितलं होतं मी तुला. 'बघू' म्हणालास.

हो, विचारलं ना, शंभरदा विचारलं… काय म्हणतात?… दादा, ते म्हणतात, खाली माणूस आहे… एकच. बाकी सगळे वर आले, आपला पोरगा राहिलाय म्हणतात… हॅलो?… आहेस ना?

हं… मग. खाणीतून वर आलं की पंपघराच्या खिडकीवर थाप मारायची, 'वर आलो' म्हणून ओरडायचं आणि मग घरी. तुझ्या दोन थापा असायच्या. इकडे घरात ऐकू यायच्या, आई लगेच ताट घ्यायची… शेवटच्या दिवशी तू मागच्या फाटकाने गेलास… हो रे, रागावला होतास, ठाऊक आहे मला. पंप बंद करू नका, एकदा बुडाली की खाण कायमची गेली, असं तू म्हणत होतास. अप्पा म्हणाले, वरून हुकूम आहे… मी कुठे म्हणतेय कोण चुकलं? त्यांनी पंप बंद केला तेव्हा तुझी थाप वाजली नव्हती. एवढंच म्हणतेय.

… खोटं? खोटं काय त्यात? वर येऊन वर्षं लोटली तुला. सांगायचं तेवढं राहिलंय… जमणार नाही म्हणजे? दोन शब्द आहेत, दादा!… मला सांगून काय उपयोग? माझ्याशी बोलतोसच की तू… मला पण वाटतं रे. संध्याकाळी पक्षी उतरतात ना, सगळं आभाळ भरून येतात, तेव्हा तू शेजारी हवास असं इतकं वाटतं. मी फोटो पाठवते, तू अंगठा पाठवतोस. तो अंगठा घेऊन काय करू मी?

… काय?… थांब. थांब हं, देते. ठेवू नकोस, तुला माझी शपथ… अप्पा, फोन. घ्या ना. एक हात सोडा चाकाचा, एकच. हां… मोठ्याने बोल रे!

— कोण?… कोण बोलतंय?… ऐकू येत नाही… काय?… पुन्हा म्हण.

— … आलास?

— मग थाप का नाही मारलीस, गाढवा? मी इथे जीव मुठीत धरून बसलोय… घाम पूस. आधी घाम पूस, वारं लागेल… हो. हो, हो. बरं… आले म्हणजे सगळे.

हॅलो? मीच… थांब, बघू दे मला… दादा, फिरवतायत. स्वतः फिरवतायत चाक, मला हात लावू देत नाहीत… हळू, अप्पा, हळू… बसलं! दार बसलं रे!… अंडी? इथून कुठली दिसायला? पण एक पाणकोंबडी परत आत शिरली, ती दिसली.

… रडतोयस?… रड. मी कुठे हसतेय… काय म्हणालास?… खरंच? बघ हं, उद्या पुन्हा 'बघू' म्हणालास तर… गाडी मिळेल आत्ता?… थांब, थांब, सांगते त्यांना… अप्पा, दादा घरी निघालाय!… काय?… काय म्हणताय?

नाही रे, काही नाही. फोन ठेव म्हणतायत. वर आलेल्या माणसाला बोलण्यात गुंतवू नये म्हणतायत… घरी वाट बघत असतात.