सुमेधच्या खांद्यावरचा हात

भंतेजी, माह्या माय-बहिणींनो, गावातल्या मंडळींनो, अन् मालेगाव, कारंजा, वाशिमकडून आलेल्या सुमेधच्या दोस्तांनो, सगळ्यांले नमो बुद्धाय.

तुमी एवढे लोक कामं सोडून या विहाराच्या अंगणात येऊन बसले. एवढे येतील असं मले वाटलं नव्हतं. मी पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत आवाज पोचवणं, हेच माह्यं काम. आज हाती माइक आहे अन् आवाज निंगून नाही राह्यला. तरी बोलतो. कारण मले एक गोष्ट कबूल करायची आहे, अन् ती तुमच्यासमोरच करायची आहे. ती सांगतल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

सुमेध माह्या बहिणीचा, शांताचा एकुलता एक पोरगा. एकोणतीस वर्षांचा. बाप लवकर गेला, म्हणून आमच्याच घरी वाढला. मालेगावले त्याचं मेडिकल होतं. मागच्या मंगळवारी दिवे लागायच्या टायमाले तो धनजच्या रस्त्यानं वापस येत होता. रस्त्यात सोयाबीनची ट्रॉली उभी होती. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. त्याची गाडी त्या ट्रॉलीवर गेली. दोन दिवस दवाखान्यात होता. मग गेला.

तिकडं कायले गेलता? एका घरी पोरीचं कॉलेज बंद केलं होतं, फोन काढून घेतला होता. तिचं मन दुसऱ्या पोरीवर होतं, एवढाच तिचा गुन्हा. तिच्या मायबापाले समजवाले गेलता. चार कप चहा पिऊन, त्या पोरीचा फोन तिच्या हातात देऊनच उठला म्हणतात. हे त्याचं शेवटचं काम.

सुमेध समलिंगी होता. हा शब्द बोलताना माह्यी जीभ आजही अडते. त्याची कधी अडली नाही. वाशिमले त्यानं मोर्चा काढला, तवा मोर्चात माणसं कमी अन् रसवंतीपाशी उभे राहून पाह्यणारे जास्त. शांतानं त्याले इचारलं, "काय मिळालं रे बाप्पा एवढं करून?" तर म्हणे, "माय, पाह्यणाऱ्यातला एक जण संध्याकाळी दुकानात आलता."

असे लय जण त्याच्या दुकानात यायचे. अॅसिडिटीच्या दोन गोळ्या मागायच्या अन् बाकीचं गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच भिंतीवरचे बोर्ड वाचत राह्यचं. सुमेध ओळखायचा. स्टूल पुढं करायचा. "बसा, घाई नाही," म्हणायचा. आज मागं जे अनोळखी चेहरे दिसून राह्यले, त्यातले कितीजण त्या स्टुलावर बसून गेले, ते तुमचं तुमाले माहीत. तो कोणाचं नाव कोणापाशी घेत नव्हता. मीही नाही घेणार.

आता माह्यं सांगतो.

तुमाले माहीत आहे, मले सोयरिकी जमवायचा नाद. तिकिटं देता देता मी गाडीत किती लग्नं जमवली, त्याची गिनती नाही. चार वर्षांपूर्वी आपल्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. सुमेधले न इचारता मीच त्याचा फॉर्म भरला. उंची, शिक्षण, मामकूळ, सगळं. अपेक्षेच्या रकान्यात लिहिलं, 'सुशिक्षित व गृहकृत्यदक्ष'. फोटो शांताच्या ट्रंकेतून काढला. अन् त्याले फोन केला का, बापू, खुर्च्या मांडाले माणूस कमी आहे, ये. तो आला. खुर्च्या मांडल्या. पाणी वाटलं. अन् स्टेजवरून त्याचं नाव पुकारलं.

त्यानं माह्याकडं पाह्यलं. ती नजर मी विसरलो नाही. मले वाटलं, लाजून राह्यला.

तो वर गेला. नाव सांगतलं, शिक्षण सांगतलं. मग म्हणे, "हा फॉर्म माह्या मामानं भरला. मामानं मायेपोटी भरला, त्याले कोणी बोलू नका. पण मले बायको करायची नाही. माह्यं प्रेम पुरुषावर बसते. कोणाच्या पोरीचं आयुष्य खराब करायचं नाही, म्हणून सांगतो. अन् तुमच्यातलंही कोणी असा भरलेला फॉर्म घेऊन बसलं असेल, तर घाबरू नका. मालेगावले माह्यं मेडिकल आहे."

मंडळी, आज मले समजते, अख्ख्या मेळाव्यात खरा परिचय त्या एकट्यानंच देला. त्या दिवशी मले काय समजलं? माह्यी इज्जत गेली, एवढंच. मी त्याची कॉलर धरून त्याले खाली आणलं. म्हणलं, "आजपासून तुहा मामा मेला."

चार वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. त्यानं काय केलं? माह्या बीपीच्या गोळ्या तो दर महिन्याले मालेगावहून गाडीनं पाठवायचा. कंडक्टर आमचेच, आणून द्यायचे. पाकिटावर लिहिलेलं असायचं, 'सकाळी जेवल्यावर'. कधी लिहायचा, 'मामा, लोणचं बंद'. गोळ्या मी घेत होतो. त्याचा फोन घेत नव्हतो. असा मी माणूस.

या चार वर्षांत शांताच्या घरी एक पोरगा यायचा. गजानन. कारंज्याले त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आमाले वाटायचं, विहिरीवरची मोटार पाहाले येते. मोटार एवढी कशी बिघडते, हे कोणी इचारलं नाही. शांताले माहीत होतं. तिनं मले दोनदा सांगाचा प्रयत्न केला. मी उठून गेलो.

अपघात झाला तवा रस्त्यावरून सुमेधले उचलून दवाखान्यात आणलं, ते गजाननानं. दोन दिवस दाराबाहेर फरशीवर बसला, तो गजानन. ऑपरेशनच्या कागदावर सही पाह्यजे होती. त्याले इचारलं, "तुमी कोण पेशंटचे?" त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी म्हणलं, "मी मामा." अन् सही केली. चार वर्षं न बोललेल्या मामाची सही चालली.

परवा हा फ्लेक्स करायचा होता. शोकाकुल म्हणून कोणाकोणाची नावं टाकायची, ती यादी मी देली. शांता, मी, चुलते, आतेभाऊ, ज्यांले सुमेधनं जल्मात पाह्यलं नाही अशा पाहुण्यांचीही नावं आहेत. पाहून घ्या. गजाननाचं नाही.

अन् फोटो? आमच्यापाशी सुमेधचा आताचा फोटो नव्हता. मी गजाननाले मागतला. त्यानं लगेच पाठवला. हाच. किती हासून राह्यला पाहा आमचा पोरगा. या फोटोत त्याच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. मी फ्लेक्सवाल्याले म्हणलं, "तो हात काढून टाक." त्यानं काढला. नीट पाह्यलं तर तिथं शर्टाचा रंग जरा वेगळा दिसते.

गजाननानं सकाळी तो फ्लेक्स स्वतः बांधला. दोरी कमी पडली तर आपल्या दुकानातली वायर आणून बांधला. त्यानं पाह्यलं असेल का? मंडळी, त्यानं नक्की पाह्यलं. मागं जाऊन चपला काढायच्या जागेपाशी बसला. अजून तिथंच बसला आहे.

माह्या बापानं धम्म घेतला, त्याच्या आदी गावच्या पंगतीत त्याले दूर बसवत. तो ते घडीघडी सांगायचा. ते आपण विसरलो नाही, विसरणारही नाही. मग त्याच बापाच्या पोरानं आपल्या घरचा माणूस चपलांपाशी काहून बसवला? मले शरम वाटते.

गजानन, ऊठ बापू. ये पुढं. तुमी जरा सरका, त्याले वाट द्या. शांता, तुह्या बाजूची माह्यी खुर्ची त्याले दे, मी उभा राहतो.

मंडळी, सगळ्यांनी ऐका. हा गजानन. माह्या सुमेधचा जोडीदार. या घरातला आहे. याचं दुःख आमच्यापेक्षा कमी नाही. याच्याशी पुढं कोणी वाकडं बोललं, तर ते माह्याशी बोललं असं मी समजीन.

सुमेध, माह्यं चुकलं रे. हे तुह्यासमोर सांगाले चार वर्षं होती माह्यापाशी. मी तुहा फोनही घेतला नाही.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका. गजानन, तू बसूनच राहा. तुले रडायचं असेल तर मोठ्यानं रड. इथं तुले कोणी इचारणार नाही का तू त्याचा कोण.