तीन लिटरचा सूड

...दहा महिने! तुम्हाला सांगतो, दहा महिने वाट बघितली मी त्या हायब्रीड गाडीची. तेवढ्या काळात आमच्या आशावहिनींना दिवस गेले, मुलगी झाली, बारसंही झालं, आणि बारशाच्या भर पंगतीत बाळासाहेब मला विचारतात, "हिचं झालं, तुजं कवा व्हायचं रं, अमृत्या?" अख्खी पंगत हसली. मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. पण लक्षात ठेवलं मी!

बाळासाहेब म्हणजे माझे चुलते. त्यांची डिझेल जीप तुम्ही पाहिली नसेल, पण धूर नक्की खाल्ला असेल. पोखरी घाटात ती पुढे असली की मागच्याला दिवसा दिवे लावावे लागतात. आणि मी पाच वर्षं रुरकीला इंजिनियरिंग शिकून गावाला परत आलो तो कशासाठी? हा धूर थांबवायला! म्हटलं, भाषण देऊन उपयोग नाही, चालवून दाखवू. एकोणीस लाखांची गाडी, अर्धं कर्ज. बाळासाहेब म्हणाले, एवढ्यात दोन ट्रॅक्टर आले असते, नांगरट तरी झाली असती. लक्षात ठेवलं मी.

बरं, पैसे द्यायला तयार आहे, तर गाडी कुठाय? पुण्याच्या शोरूममधल्या हर्षाली मॅडम दर महिन्याला तेच, गोड आवाजात, "सर, पुढच्या महिन्यात नक्की." शेवटी म्हणाल्या, रंगाचा हट्ट सोडलात तर लवकर मिळेल. सोडला. मागितली पांढरी, आली विटकरी!

आता आमच्याकडे देवळाच्या भोंग्यावरून पाणी कधी सुटणार, रेशन कधी येणार, ते सांगतात. माईक कोणाच्या हातात? बाळासाहेबांच्या. गाडी आली त्या संध्याकाळी भोंगा वाजला: "ऐका हो. अमृतची गाडी आलीय. ती हळू चालताना आवाज करत न्हाई. कोंबड्या आन् म्हातारी मानसं ज्याची त्यानं सांभाळावी."

तुम्हीच सांगा, हे विसरायचं? लक्षात ठेवलं मी! ज्या भोंग्यावरून माझी अब्रू गेली, त्याच भोंग्यावरून ती परत आणायची. चारचौघांत पैज लावली. घोडेगावच्या पंपावर दोन्ही टाक्या काठोकाठ भरायच्या, तळेघरला जाऊन यायचं, परत त्याच पंपावर काठोकाठ. ज्याच्या टाकीत जास्त जाईल त्याने भोंग्यावर हार कबूल करायची. बाळासाहेब मिशीवर हात फिरवत हो म्हणाले.

पंपावर काय तमाशा! जीपला चौघं धरून गदागदा हलवतायत, हवा निघावी आणि अजून घोटभर मावावं म्हणून. मग माझी गाडीही हलवली. एकोणीस लाखांची! दात आवळून बघत होतो. पंच म्हणून माझ्या शेजारी ठकूबाई आत्या, म्हणजे बाळासाहेबांचीच बहीण. चढ झाला, तळेघर झालं, परतताना उतार लागला आणि समोरच्या पडद्यावर बॅटरी भरायला लागली. आत्या डोळे बारीक करून म्हणाली, "पेट्रोल भरतंय का रं ह्ये, चालता चालता?"

"नाही आत्या, उतारावर बॅटरी भरते. मग थोडा वेळ तिच्यावरच चालते."

"मंग फुकटच की."

आणि मी, पाच वर्षं शिकलेला शहाणा, विजयाच्या भरात काय बोललो? "फुकटच समज!"

निकाल लागला. माझ्या टाकीत तीन लिटर, जीपमध्ये सात. बाळासाहेबांच्या मिशा खाली आल्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरा, घरात चार मानसांत बोलतो की मी. भोंगा कशाला?" हात धरला होता माझा. आणि मी? मला बारसं आठवलं, कोंबड्या आठवल्या. म्हटलं, भोंगाच!

भोंगा वाजला. "ऐका हो. म्या हारलो. अमृतची गाडी पेट्रोल पीतच न्हाई. उतारावर तर फुकट चालती, ठकूबाई साक्षीला हाय." मी पारावर छाती फुगवून उभा. भोंगा जरा खरखरला, आणि पुढे: "तवा कुनाला घोडेगाव, जुन्नर, कुठंबी जायचं असंल, तर भीड धरू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात सखूबाई, तहसीलला जायचंय. मागे म्हस्कूमामा, बाजारला निघालेले, दोन कोकरं घेऊन. कोकरं डिकीत! त्यांना सांगायला गेलो, मामा, पेट्रोल लागतं हो. मामा शांतपणे म्हणाले, "मंग बाळासाहेब खरं बोलत व्हता का खोटं?"

पेट्रोल लागतं म्हटलं तर मी हरलो, नाही म्हटलं तर बसा! तीन महिने झाले, तुम्हाला सांगतो, डिकीतला वास जात नाही. आणि तीन लिटर कसले, रोज घाट चढतो-उतरतो, टाकी भरतो; पंपावरचा माणूस मला आता नावाने हाक मारतो.

धूर मात्र गेला. खरंच गेला. बाळासाहेबांनी जीप विकली. म्हणाले, गावात फुकटची गाडी असताना डिझेल कशाला जाळायचं? आता रोज सकाळी पुढच्या सीटवर तेच. काल म्हस्कूमामांची कोकरं मागे ओरडत होती, घाटाचा चढ होता, आणि हे मागे रेलून म्हणाले, "अमृत्या, एसी वाढव जरा. फुकटच हाय की."

वाढवला. काय करणार? पण लक्षात ठेवलं मी.