आयताला माया सोडायची नाही म्हणे!

…नाही, पण मी म्हणते, आयत थोडा मोठा कापला तर कुणाचं काय बिघडलं? तुम्हीच सांगा! तो प्रवेश परीक्षेच्या गणिताच्या क्लासचा सर, माझ्या लेकीच्या वयाचा, कमरेवर हात ठेवून मला विचारतो, "काकू, लांबी बारा, रुंदी आठ. तुम्ही चौदा नि दहा कुठून आणलेत?" कुठून म्हणजे? अहो, सव्वीस वर्षं शिवणाचं दुकान आहे माझं! प्रत्येक बाजूला सेंटिमीटरभर कापड जास्त धरायचं, शिवणात माया सोडायची, उद्या गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर उसवून वाढवायला नको? तर म्हणतो, "काकू, आयत जाड होत नाही!"

सगळा वर्ग खो खो हसला. हसा म्हटलं! कॉलेजचा फॉर्म भरलाय मी, आता माघार नाही!

घरी लेक मानगुटीवर बसलेलीच. "आई, वर्तुळाचा घेर काढायला टेप नाही लावायचा!" मग काय नजरेनं काढू? आणि आमचे हे… पेपरातून डोकं वर न काढता, "या वयात पदवी घेऊन काय, बटणंच लावणार ना?" हो, लावीन! पदवीधर बटणं लावीन! तुम्हाला सांगते, बारावी झाले तेव्हाच कॉलेजात जायचं होतं मला. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष उजाडायला सव्वीस वर्षं लागली. फार लागलं होतं मनाला, अजून लागतं. म्हणून म्हणते, फॉर्म भरलाय मी!

पण गणितात चाळीसपैकी सोळा हवेत, आणि सराव परीक्षेत माझे नऊ! सगळे आयत ऐसपैस, सगळे त्रिकोण ढगळ…

परीक्षेला दारातच पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "गळ्यातला टेप काढून ठेवा." काढला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मोकळा गळा घेऊन बसले. पहिलाच प्रश्न आयताचा! हात असा शिवशिवला म्हणून सांगू… पण दात आवळले आणि कापला! अगदी मापात, सूतभरही माया नाही! मग काय, त्रिकोण कापले, वर्तुळ कापलं, सगळं मापात! निकाल लागला. किती? सोळा! सोळा हवे होते, सोळाच दिले मेल्यांनी, एक जास्तीचा नाही… पण प्रवेश मिळाला!

सर इतका खूश, की लगेच शर्टाचं कापड घेऊन दुकानात हजर. मीही झोकात शिवला. काल घालून बघतो तर पोटावर बटणं लागेनात! "काकू, उसवून वाढवा ना थोडा…"

कुठून वाढवू? शिवणात माया सोडलीय कुठे? म्हटलं, सर, तुम्हीच शिकवलंत!

आता देतेय बापड्याला दुसरा शिवून, फुकट, चांगली दोन बोटं माया सोडून. पण सोमवारपासून माझं कॉलेज आहे. तेव्हा बटणांसाठी तीन वर्षं थांब म्हणावं… पदवीधर लागणार आहेत!