गोटीसाठी टीव्ही

विक्रेता : नाही साहेब, भिंत मोजून नसतो घ्यायचा टीव्ही. भिंत थोडीच बघणार आहे? बघणारा कुठे बसतो ते सांगा.

बाबा : सोफ्यावर. थांबा, टेप आहे माझ्या खिशात. हे टोक धरा आणि त्या खांबापर्यंत जा. बास, बास. एवढंच अंतर. आणि सोफा पुढेमागे करायचा असेल तर करू, मीच बनवलाय, माझं ऐकतो तो.

विक्रेता : सुतारकाम करता?

बाबा : कपाटं, पलंग, ओटे, जे म्हणाल ते. पण टीव्हीतलं मला ओ की ठो कळत नाही. मुलगी गेम खेळते, बारा वर्षांची आहे. ती म्हणते, बाबा, तुझ्याकडे मी उडीचं बटण दाबते, मग बाहुली जरा विचार करते आणि मग उडते.

विक्रेता : काय नेमकं सांगितलंय पोरीनं! बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत जो वेळ जातो ना, तो जुन्या टीव्हीत फार असतो. हा पन्नास इंची बघा. गेमसाठी याची वेगळी सेटिंग आहे. चित्र सेकंदाला एकशेवीस वेळा बदलतं, त्यामुळे पळापळीत काही फरफटत नाही. आणि सिनेमा लावला की हीरोच्या दाढीचा खुंट न् खुंट मोजून घ्या.

बाबा : खुंट नको मोजायला. पण रंग जरा भडक नाहीत का? पोपट एवढा हिरवा असतो होय?

विक्रेता : दुकानात सगळे भडकच ठेवतात, साहेब. घरी नेल्यावर शांत करायचे.

बाबा : माणसांचं उलटं असतं.

विक्रेता : काय बोललात! एक मिनिट हं, त्या मॅडम मघापासून पंचावन्न इंचीला नाक लावून उभ्या आहेत. मॅडम, इतक्या जवळून नका बघू, डोळ्यांना त्रास होईल.

आई : डोळ्यांचं मला नका हो सांगू, मी दिवसभर लोकांना चष्म्याचे नंबर काढून देते. कोपरे तपासत होते. आमच्या टीव्हीचा डावा कोपरा पार काळा पडलाय. मुलगी म्हणते, आई, सगळे चोर तिकडूनच येतात आणि मला दिसतच नाहीत.

विक्रेता : म्हणजे तुमचीही मुलगी गेम खेळते! काय योगायोग आहे, या साहेबांचीही खेळते. या ना इकडे, दोघांना एकदमच समजावतो.

आई : तू?

बाबा : अरेच्चा!

विक्रेता : ओळख आहे वाटतं?

बाबा : थोडीफार. अकरा वर्षं लग्न झालेलं होतं आमचं.

आई : तेरा. सोयीनं वजाबाकी करू नकोस.

विक्रेता : झालेलं होतं म्हणजे...

आई : म्हणजे आता नाही.

विक्रेता : अच्छा, अच्छा. पाणी आणू का कुणाला?

बाबा : पाणी नको, टीव्ही दाखवा. काय गं, गोटीनं सांगितलं का तुला, मी इथे येणारे म्हणून?

आई : तिला काय माहीत? आणि मला तरी तू आज दुकानात सापडशील असं कुठे ठाऊक होतं? तुझं तर म्हणणं होतं, टीव्ही म्हणजे भिंतीला लागलेली वाळवी.

बाबा : मत बदललं.

आई : कधी? माझी बढती झाल्याचं कळल्यावर?

बाबा : बढती कसली, बदली म्हण ना. चार तासांवर निघालीस.

आई : चष्म्याच्या दुकानाची अख्खी शाखा सांभाळायला देतायत मला. त्याला बढती म्हणतात. आणि तू विषय बदलू नकोस. सुट्टी संपताना गोटी सांगणार आहे, तुझ्याकडे राहते की माझ्याबरोबर येते. आणि तीच सांगत होती, नेमक्या याच सुट्टीत तुझी बाहुली विचार करायला लागली!

बाबा : आणि तुझा कोपरा याच सुट्टीत काळा पडला.

आई : माझा कोपरा दिवाणखान्यात सगळ्यांना दिसतो. ये बघायला.

विक्रेता : तर साहेब, तो पन्नास इंची बांधायला सांगू?

बाबा : या मॅडम कितीचा बघतायत?

विक्रेता : मॅडमचं पंचावन्नवर मन आहे.

बाबा : मग मला पासष्ट दाखवा.

आई : पासष्ट! त्या खोलीत? मी राहिलेय तिथे, विसरलास की काय. गोटीची मान टेनिसचा सामना बघितल्यासारखी इकडून तिकडे फिरत राहील.

बाबा : सोफा मागे सरकवीन.

आई : सोफ्यामागे स्वयंपाकघर आहे.

बाबा : मग स्वयंपाकघर सरकवीन. माझा धंदाच आहे तो.

विक्रेता : तसा आपल्याकडे पंचाहत्तरही आहे. म्हणजे नुसतं सांगून ठेवतो.

आई : दाखवा.

बाबा : घे. खुशाल घे. तुझ्या गाडीत तो शिरला तर मी नाव बदलीन. जिन्यातून नेशील कसा?

आई : मी नवं घर लिफ्ट बघूनच घेतलंय.

विक्रेता : ऐका ना दोघंही. मला काय, मी पंचाहत्तर काय, त्याच्याहून मोठाही देईन. पण उद्या तुमच्याकडे नुसता टीव्हीच मावला आणि माणसं गॅलरीत बसली, तर शिव्या मलाच. त्यापेक्षा आधी हातात घेऊन बघा. हा गेम लावूनच ठेवलाय. दोघांनी मिळून घर रिकामं करायचं, सामान जिन्यावरून उतरवायचं आणि ट्रकमध्ये भरायचं.

आई : हा? हा तर गोटी खेळते माझ्याबरोबर.

बाबा : तुझ्याबरोबर? माझ्याबरोबर खेळते.

आई : दोघांबरोबर खेळत असेल. तुझ्या एकट्याचा आहे का तो?

विक्रेता : वा, मग काही शिकवायलाच नको. बसा.

(दोघं एकेक कंट्रोलर घेऊन पन्नास इंची टीव्हीसमोरच्या गुबगुबीत बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसतात.)

बाबा : ते कपाट आधी घेऊ. धर तिकडून. तिकडून नाही गं, खालून.

आई : धरलंय.

बाबा : आता तिरकं कर. तिरकं! डोकं आधी बाहेर काढ.

आई : कपाटाला कसलं डोकं?

बाबा : असतं. आत्ताच तू ते खिडकीवर आपटलंस.

आई : काच तुझ्याकडून फुटली. मी हललेसुद्धा नाही.

विक्रेता : पण फुटली कशी पटकन, बघितलंत? बटण दाबलं की खळ्ळ! हीच तर मजा आहे या टीव्हीची.

बाबा : तुम्ही थांबा हो. वळ आता, डावीकडे. तुझ्या डावीकडे!

आई : माझी डावी आणि तुझी डावी तीच आहे, एकाच बाजूला तोंड करून बसलोय आपण. सोड तू, मी एकटीच नेते.

बाबा : एकटीला उचलत नाही ते. दुसरं कुणी धरल्याशिवाय हलतच नाही.

आई : खरं कपाटही तू असंच ओरडत उतरवलंस. मी घर सोडलं त्या दिवशी. आठवतं? सगळी इमारत दारात उभी होती.

बाबा : आठवतं. सागवानी होतं. एक ओरखडा आला नाही त्याला.

आई : कपाटाला नाही आला.

बाबा : ...जिना आला. पाय बघ खाली.

आई : बघतेय. गोटी माझ्यावर असं कधी ओरडत नाही. ती म्हणते, आई, तू नुसतं धरून ठेव, वळवते मी.

बाबा : मलाही तेच म्हणते.

आई : तेच?

बाबा : शब्दन् शब्द. बाबा, तू नुसतं धरून ठेव, वळवते मी. आणि हळूच म्हणते, समजूत काढल्यासारखं.

विक्रेता : साहेब, वेळ संपला. ट्रक निघून गेला. परत लावू?

आई : नको. जरा बसू दे आम्हाला.

विक्रेता : बसा, बसा. मी आलोच तिकडून.

आई : तिला त्रास व्हायला नको म्हणून आपण काय ठरवलं होतं?

बाबा : कुणी तिला विचारायचं नाही, कुणी भरीला घालायचं नाही.

आई : आणि आता दोघंही इंचांत भर घालत बसलोय.

बाबा : मी काही आमिष दाखवायला नव्हतो आलो. म्हणजे... थोडासा आलो होतो.

आई : मी पण.

बाबा : परवा तिनं मला विचारलं, ज्याच्याकडे मी राहणार नाही, त्याच्याकडे माझी उशी ठेवायची की न्यायची?

आई : काय सांगितलंस?

बाबा : काय सांगणार? म्हटलं, नवी घेऊ की. आणि रंधा मारायला निघून गेलो.

आई : मला म्हणाली, तू रडणार असशील तर मला आधी सांग, म्हणजे मी बाबाकडे राहायचं म्हणणार नाही. हसत हसत म्हणाली. मी पण हसले. हसण्यावारी नेलं आणि तिला आइस्क्रीम दिलं.

बाबा : तू सांगितलं नाहीस मला.

आई : कधी सांगणार? आपण बोलतो कुठे? "सातला आण, आठला ने," संपलं बोलणं.

बाबा : बारा वर्षांची आहे गं ती.

आई : तेच म्हणतेय मी. आपल्याला निस्तरेना म्हणून तिच्या गळ्यात मारलं. वर म्हटलं काय, तर तू आता मोठी झालीस, तूच ठरव.

बाबा : मग आपण ठरवू.

आई : इथे? टीव्हीच्या दुकानात?

बाबा : वकिलाच्या ऑफिसपेक्षा बरं आहे. बाक मऊ आहे.

आई : बोल मग.

बाबा : तू बोल. मी बोललो की तुला वाटतं मी ओढतोय.

आई : तिची शाळा इकडे आहे. मैत्रिणी इकडे आहेत. पोहण्यात आत्ता कुठे जरा हात चालायला लागलाय. तिकडे गेले की पहिलं वर्षभर मला दुकानातून लवकर निघता येणार नाही. मग ती काय करणार? नव्या गावात, बंद घरात, माझा हा पंचाहत्तर इंची बघत बसणार.

बाबा : म्हणजे?

आई : म्हणजे काय म्हणजे? हे वर्ष तुझ्याकडे राहू दे.

बाबा : नीट विचार कर. मागाहून म्हणशील...

आई : म्हणेन. नक्की म्हणेन. कधीही फोन करून म्हणेन, आणि तू गप ऐकून घ्यायचंस.

बाबा : घेईन.

आई : शनिवारी-रविवारी मी येईन नाहीतर ती येईल. सुट्टी सगळी माझ्याकडे. आणि ती शाळेतून आली की तू घरात पाहिजेस. वर्कशॉपमधून "आलो, आलो" नाही. मागे करवत चालू असते, मला फोनवर ऐकू येतं.

बाबा : तिची शाळा सुटायच्या आत करवत बंद.

आई : आणि वर्ष झालं की परत बसायचं. असंच. तिला मध्ये न घेता.

बाबा : बसू. माझ्याकडून शब्द.

आई : जिंकल्यासारखं वाटतंय का?

बाबा : नाही गं. आता सगळं मलाच करायचं. रोज म्हणजे रोज. तिची वेणीसुद्धा घालता येत नाही मला. परवा घातली तर म्हणाली, बाबा, हा दोर आहे.

आई : शिकशील. तीन पेड असतात, चौथा शोधायचा नाही.

बाबा : तू रडतेयस.

आई : दुकानात एसी फार आहे.

बाबा : हं. आहे खरा.

विक्रेता : येऊ का? तिकडे उगाच सगळ्या फ्रीजची दारं उघडून बंद करून आलो. तर मग, पंचाहत्तर आणि पासष्ट, असंच ना?

आई : पन्नास. दोन द्या. अगदी सारखे.

विक्रेता : दोन! एकाच घरात?

बाबा : दोन घरांत. दोन गावांत. का गं, आता तुला कशाला?

आई : शनिवारी आल्यावर ती काय काळ्या कोपऱ्यातले चोर शोधत बसणार? आणि काय हो, हा गेम दोन ठिकाणांहून खेळता येतो का? म्हणजे ती इकडे, मी तिकडे?

विक्रेता : का नाही? दोन्हीकडे नेट चांगलं असलं की झालं. दोन गावांत बसून एकच घर रिकामं करा.

आई : नव्या घरी समोर मोठी खिडकी आहे. पडद्यावर ऊन येईल का?

विक्रेता : थेट आलं तर कुठलाही टीव्ही आरशासारखा दिसणारच, मॅडम. बाजूच्या भिंतीवर लावा.

बाबा : मी येऊन लावून देतो. तुमची माणसं चार खिळे ठोकतात आणि लेव्हल बघत नाहीत.

आई : तू येणार? चार तास?

बाबा : गोटीला सोडायला येईनच की एखादे वेळी. तेव्हा ड्रिल आणीन.

आई : बरं. ये.

विक्रेता : वरच्या मजल्यावर पावती करतो दोन्हींची. आणि साहेब, मॅडम, एक सांगू? मी उगाच पंचाहत्तरचं नाव काढलं.

आई : बरं झालं काढलंत.

बाबा : गोटीला कोण सांगणार?

आई : दोघं मिळून. आत्ताच. पोहून बाहेर येईल इतक्यात.

बाबा : दोघांना एकदम दारात बघितलं तर घाबरेल पोरगी.

आई : घाबरेल जरा. मग विचारेल काय झालं. मग सांगू.

बाबा : टेम्पो माल घेऊन गेलाय माझा. मी बसनं येतो मागून.

आई : बसनं कशाला? गाडी आहे ना खाली.

बाबा : तुझ्या पुढच्या सीटवर फायली, छत्री, चष्म्यांची खोकी, सगळा संसार असणार. मी मागे बसतो.

आई : थांब, उचलते ते. तू पुढे बस. मागे ती बसेल.