मांजरीपायी दुकान बंद

काच वाजवू नका हो! दुकान बंद आहे. पाटी उलटी लावलीय ती काय शोभेला? नाही, दार बोटभरसुद्धा उघडायचं नाही, वरची झडप उघडी आहे तेवढ्यातून माझं तुम्हाला ऐकू येतंय, तुमचं मला येतंय, झालं तर! दाढी वाढली? वाढू द्या. तुमच्या दाढीला काय धाड भरलीय, इथे माझा जीव टांगणीला लागलाय… काय म्हणालात? दुकान बंद तर मग खुर्चीत चादर घेऊन कोण बसलंय? बसलंय कोणीतरी! तुम्हाला खुर्चीची पाठ दिसतेय ना, तेवढी पुरे. सांगतो, तिथेच येतोय, मध्ये बोलू नका, मला मध्ये बोललेलं खपत नाही, गिऱ्हाईक असलात म्हणून काय झालं!

तर तुम्हाला सांगतो, मी मांजर आणली नाही. सगळ्या गल्लीत बोंब झालीय की म्हाताऱ्याने मांजर आणली, म्हाताऱ्याने मांजर आणली. अहो, ती आली! तुमच्यातल्याच कोणीतरी जाताना दार उघडं टाकलं, नाव घेत नाही, पण ज्याचं टक्कल आहे आणि तरी जो दर महिन्याला केस कापायला येतो त्याने समजून घ्यावं. आली ती थेट बेसिनखाली. झाडूने बाहेर काढली. परत आली. परत काढली. तिसऱ्यांदा आली आणि माझ्या चपलेवर शिंकली, आणि शिंकून तिथेच बसली, उठेना. अंगावर हाडं तेवढी, डोळे चिकटलेले, नाक वाहतंय, आणि माझ्याकडे अशी बघते जशी मीच तिची वाट बघत होतो! मी म्हटलं, ऊठ भामटे. झालं, नाव पडलं. भामटी.

आता आमची ही आतल्या दारातून डोकावली. तुम्हाला माहितीय, दुकान पुढे, मध्ये एक बोळ, मागे घर. ही म्हणाली, "अहो, डोळे बघा हो तिचे…" आणि लगेच तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, आपली आजीबाई!" आजीबाई म्हणजे हिची आई नव्हे, ती केव्हाच गेली, आजीबाई म्हणजे आमच्या घरातली म्हातारी मांजर. तोंडात दात एक नाही, कानाने बहिरी, दिवसभर झोपते, पण थाट असा की घर तिचं आणि आम्ही दोघं भाड्याने राहतोय.

बोलावली डॉक्टरीणबाईला. जनावरांची डॉक्टर हो, त्या कोपऱ्यावरच्या घरातली पोरगी. याच खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून तिचे पहिले केस कापलेत मी, रडून दुकान डोक्यावर घेतलं होतं तिने, आणि आज तीच कमरेवर हात ठेवून मला शिकवते! "काका, हा आजार माणसाला लागत नाही, मांजराचा मांजराला लागतो. तुमच्या हातातून जातो, कपड्यातून जातो. ही तरुण आहे, निभावेल. तुमच्या म्हातारीला झाला तर मी काही सांगू शकत नाही." मग म्हणे, पंधरा दिवस भामटीला वेगळ्या खोलीत ठेवा. खोली कुठून आणू? दार धड लागणारी एकच खोली आहे घराला, हे दुकान. बसवली दुकानात, पाटी केली उलटी!

आणि तिथून सुरू झालं, "अहो, हात धुतलेत का?"

अहो, मी न्हावी! सगळी हयात लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, कुणाची हिंमत झाली नाही विचारायची! आणि ही बोळाच्या तोंडाशी पहारेकऱ्यासारखी उभी, "अहो, हात धुतलेत का? कोपरापर्यंत? साबणाने?" नुसते हात नाहीत, कपडे! बोळात दोन खिळे मारले. एका खिळ्याला दुकानचा सदरा-लेंगा, दुसऱ्याला घरचा. घरात जायचं तर दुकानचे उतरवा, बादलीभर पाण्याने अंघोळ करा, घरचे चढवा. दुकानात यायचं तर उलटं. आणि बोळ वरून उघडा! समोरच्या माडीवरची ती शिवणकाम करणारी बाई मला चड्डीवर बघून बघून कंटाळली, आता मान वर करून बघतसुद्धा नाही. आठवड्याला एकदा नाइलाजाने अंघोळ करणारा माणूस मी, दिवसातून चार-चार वेळा अंगावर पाणी घेतोय. कशासाठी? मांजरीसाठी!

तुम्ही म्हणाल, मग एकाच मांजरीकडे बघायचं, दुसरी बायकोवर सोपवायची. हेच डॉक्टरीणबाईही म्हणाली. पण जमणार कसं? भामटीच्या डोळ्यांत औषध घालायचं तर वाकून बेसिनखाली शिरावं लागतं, हिचे गुडघे तसे वाकत नाहीत. आणि आजीबाई… आता हसू नका. आजीबाई माझ्याच बोटावरून खाते. मासा शिजवून, काटे काढून, कुस्करून बोटावर धरायचा, मग ती चाटणार. ताटलीत ठेवला तर तोंड फिरवणार. हिने बोट पुढे केलं तर हिच्याकडे असं बघते जशी ही शेजारीण आहे! म्हणून ही म्हणते, "तुम्हीच लाडावून ठेवलंत." मी? मी लाडावलं? मला मांजरं आवडत नाहीत हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे!

तर असं चाललं होतं. भामटी इकडे आरशात दुसरी मांजर बघून अंगावर धावून जायची, तीन आरसे म्हणजे तीन शत्रू, शेवटी सगळ्या आरशांवर चादरी टाकल्या. पण औषध लागू पडलं, डोळे उघडले, खायला लागली, माझ्या साबणाच्या ब्रशचे केस उपटायला लागली. मी म्हटलं, निभावलं आपण. हात धुतले, कपडे बदलले, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं, कुठे काही कमी ठेवलं नाही…

आणि परवा दुपारी आजीबाईला भरवत होतो. पोट भरलं की ती माझ्या खांद्यावर चढते, तोंड घासते आणि तिथेच पेंगते, जुनी सवय. समोर ही बसली होती. बसल्या बसल्या हिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "अहो… खांद्यावर काय आहे?"

काय असणार? टॉवेल.

अहो, न्हाव्याच्या खांद्यावर टॉवेल असतो! आपल्याला कान आहेत हे रोज कुणाच्या ध्यानात असतं का? सदरा उतरवायचो, टॉवेल हातात यायचा, अंघोळ व्हायची, दुसरा सदरा घालायचो आणि टॉवेल आपोआप खांद्यावर! रोज! आणि त्याच टॉवेलने इकडे भामटीचे डोळे पुसायचो, नाक पुसायचो… हात धुतलेत का, हात धुतलेत का, धुतले होते हो! कोपरापर्यंत धुतले होते!

तेवढ्यात आजीबाई शिंकली. एवढीशी शिंक, काडी पेटवावी तेवढा आवाज. ही ओरडली असती तर बरं झालं असतं, सगळा जन्म ओरडत आलीय. उठली, चिमट्याने माझ्या खांद्यावरचा टॉवेल उचलला आणि उकळत्या पाण्यात टाकला. मग दुकानातले सगळे टॉवेल मागून घेतले आणि तेही टाकले.

डॉक्टरीणबाई परत आली. म्हणाली, आता दोघींना दुकानात एकत्रच ठेवा, ये-जा बंद, काका तुम्हीही तिथेच राहा. नाक चोंदलंय, वास येत नाही, म्हणून म्हातारी खात नाही, तिला ऊब द्या, वाफ द्या, खाणं कोमट करून द्या. मी विचारलं, "वाचेल ना गं?" फळीवर बसून रडायची ती पोरगी, पण खोटं बोलली नाही. म्हणाली, "खायला लागली तर."

तेव्हा, खुर्चीत कोण बसलंय विचारत होतात ना? ती बसलीय. सगळ्यात मऊ जागा तीच. दाढीच्या पाण्याची किटली दिवसभर चालू, वाफेने सगळी काच धुरकट झालीय. ही आतल्या दारात माशाची वाटी ठेवते आणि मागे सरते. मी बोट पुढे धरतो, आजीबाई बघते आणि डोळे मिटते. आज सकाळी चाटलं. खाल्लं म्हणत नाही मी, चाटलं. उरलेलं भामटीने माझ्या हातातून पळवलं आणि खुर्चीवर चढून तिच्या कुशीत शिरली. आता आजीबाईच्या खुर्चीत दुसरी मांजर! पूर्वीची आजीबाई असती तर कानफटात दिली असती. काही बोलली नाही, पडून राहिली. मला तर त्याचीच भीती वाटते हो…

थांबा. गप्प बसा जरा. मान उचलली तिने… भामटी तिची शेपटी ओढतेय. ए, सोड… थांब, थांब…

मारली! अहो मारली! सणसणीत दिली कानफटात! बघितलंत? कसं बघाल, पाठ आहे तुमच्याकडे! बघा, परत हात उगारला! अगं ए… ऐकलंस का गं, मारली तिने! आजीबाईने मारली!

नाही हो, रडत नाही मी, किटलीची वाफ आहे. पुसायला खांद्यावर हात नेला तर टॉवेलही नाही… आणि काय म्हणाली ही? ऐकलंत? एवढं ऐकून काय म्हणाली? "अहो, मग भरवा ना तिला! पण आधी हात धुतलेत का?"

धुतो. धुतो बाई.

आणि तुम्ही अजून उभेच? सांगितलं ना, दुकान बंद आहे. खुर्ची कधी रिकामी होणार म्हणून काय विचारता? इतक्यात होऊ नये म्हणा. आणि दाढी वाढवा.