हिरवा आकडा

राणी : आधी दुकानाची खिडकी उघड. कोरेगावपासनं कुपवाडपर्यंत यष्टीत माझ्या शेजारी कुणी बसलं न्हाई.

पप्पू : लय वास मारतोय गं आक्का. ह्या कॉम्प्युटरच्या डब्याला का तुला?

राणी : दोघांना. हरणामावशीच्या मशीनमधी उबवायला ठेवलेली सगळी अंडी नासली. खड्डा काढून पुरली तरी वास हटंना. मेंढरं विकून उभं केलेलं मशीन हाय रं ते.

पप्पू : नासली कशानं?

राणी : गार पडली. मावशी म्हणती, सुनेनं मशीनचं दार उघडं टाकलं. क्रांती शपथा घालून न्हाई म्हणती. सासू तिच्या हातचा चहा घेईना. मी निघाले तवा पोरगी माहेरला जायला पिशवी भरत हुती.

पप्पू : तिनंच टाकलं असंल दार उघडं. त्याबिगर मावशी कशाला बोलंल?

राणी : मावशी बोलती, कारण कॉम्प्युटर चांगला हुता. मशीनची ऊब सांभाळायचं काम त्याचं, आणि त्याचा पंखा किती फिरतोय ते दाखवायला तू बसवलेला मीटर. मागं पिसांनी पंखा अडला हुता, म्हणूनच तिनं मीटर मागितला. आकडा कायम हिरवा, म्हंजे पंखा झ्याक फिरतोय. येता-जाता हात जोडायची. खंडेनवमीला पुजलाय, कुंकू हाय बघ अजून.

पप्पू : मग झालं तर. एवढ्या लांब डबा कशाला आणलास?

राणी : बंद करून परत लावला तर सुरू व्हईना. पडदा म्हणतोय पंखा फिरत न्हाई, मीटर म्हणतोय फिरतोय. दोघांतलं एक खोटं बोलतंय. स्क्रू ड्रायव्हर दे.

पप्पू : र्‍हाऊ दे की. दमलीयास. तू आंघोळ कर जा, मी बघतो सावकाश.

राणी : दे म्हटलं ना.

(राणी डबा उघडते आणि बटण दाबते.)

राणी : शी! पिल्लांची लव साचून कंपनीचा पंखा गच्च झालाय. हालत बी न्हाई. मग मीटर कुणाचा आकडा दाखवतोय?

पप्पू : कुठं काय.

राणी : कोपऱ्यात टेपनं चिकटवलेला हा टिकलीएवढा पंखा कुणाचा?

पप्पू : मीटर चालू र्‍हावा म्हणून लावलाय.

राणी : वारा कुणाला घालतो हा?

पप्पू : कुणालाच न्हाई. आक्का, ऐकून तर घे. कंपनीच्या पंख्याला पाच पिना, मीटरला तीन. साऱ्या जगाची पिन एकमेकांत बसती, ह्यांचीच बसत न्हाई. पंखा बी त्यांचाच घ्या, पिन बी त्यांचीच घ्या. आकडा मोजायची वायर काढून मीटरला द्यावी, तर कॉम्प्युटरच्या आतल्या बोर्डाला आकडा पोचत न्हाई. कॉम्प्युटर सुरू करताना पंखाच न्हाई म्हणून अडून बसतो. मी तरी काय करू?

राणी : मावशीला सांगायचं, ह्याला मीटर बसत न्हाई.

पप्पू : तिला आकडा बघायचा हुता. मी आकडा दिला.

राणी : किळस येती रं तुझी. त्या अंड्यांची बी एवढी आली न्हाई. बोर्ड काय विचारायचं ते सुरू हुताना विचारतो, आणि मावशीचा कॉम्प्युटर कवा बंदच व्हत न्हाई. आत पंखा मेला, कॉम्प्युटर तापून जागच्या जागी अडकला, ऊब थांबली. आणि शेजारी तुझा आकडा हिरवा. त्याच्या जिवावर तिनं सून खोटी पाडली.

पप्पू : पिसं मी टाकली का? पिसं अडकली असंच सांगू. ते काय खोटं न्हाई.

राणी : पिसं अडकल्याचं कळावं म्हणूनच मीटर हुता, गड्या.

पप्पू : बरं बाई. लावतो फोन. चुकलं म्हणतो.

राणी : फोन न्हाई. उद्या पहिल्या यष्टीनं दोघं जायचं. क्रांती समोर उभी असंल तवा बोलायचं. ती त्या घरात असली तर.

पप्पू : असंल की.

राणी : आणखी किती जणांच्यात हे टिकलीएवढं घातलंयस?

पप्पू : ह्या कंपनीचे जेवढे आले तेवढ्यांच्यात.

राणी : आपल्या टेबलावरचा बी ह्याच कंपनीचा हाय. मीटर बी हाय त्याला.

पप्पू : हाय.

राणी : त्याच्यात कुठं चिकटवलंयस?

पप्पू : त्याच्यात न्हाई. त्याची वायर तोडली न्हाई, नुसती सोलली, आणि मीटरची वायर तिथं कथलाचा डाग देऊन जोडली. आकडा बोर्डाला बी जातो, मीटरला बी.

राणी : म्हंजे येत हुतं तुला.

पप्पू : लय किचकट काम हाय गं ते. आख्खी दुपार जाती.

राणी : मग ह्याच्यावर बरी घालवलीस दुपार?

पप्पू : हे आपलं हाय की, आक्का.